मूल कोणत्या देशाचे?

मुलाचा जन्मदाखला हातात पडला की नागरिकत्वाचा प्रश्न मिटला, असे आपल्यापैकी बहुतेकांना वाटते. वकिलीच्या निमित्ताने परदेशस्थ मराठी कुटुंबांचे कागद माझ्यापुढे येतात. त्यांतल्या निम्म्या अडचणी या एका समजुतीतून आलेल्या असतात. दाखला सांगतो ते एवढेच, की मूल कुठे आणि केव्हा जन्मले. ते कोणत्या देशाचे, हे ठरवताना आपला कायदा आईवडिलांकडे पाहतो.

पूर्वी तसे नव्हते. आपला नागरिकत्व कायदा १९५५चा. त्याप्रमाणे भारतात जन्मलेले मूल, काही मोजके अपवाद सोडले, तर भारतीयच. १ जुलै १९८७पासून आईवडिलांपैकी एक जण भारतीय असण्याची अट आली. ३ डिसेंबर २००४पासून ती आणखी कडक झाली: एक जण भारतीय असला, तरी दुसरा बेकायदा आलेला असता कामा नये.

पण खरी गुंतागुंत आहे ती मूल परदेशात जन्मते तेव्हा. दुबईत नोकरी करणाऱ्या आपल्या माणसांची मुले तिथे जन्मली, तरी जन्मामुळे ती तिथली नागरिक होत नाहीत. त्यांना देश मिळायचा तो आईवडिलांकडूनच. आणि इथे आपल्या कायद्याने कितीतरी वर्षे फक्त वडिलांना विचारले. आई भारतीय, वडील परदेशी आणि जन्म परदेशात, असे असेल तर मूल जन्माने भारतीय नाही! हा भेद १० डिसेंबर १९९२ रोजी संपला. मात्र नवा नियम मागच्यांना लागू झाला नाही. समजा, नागपूरच्या एका मुलीने जर्मन माणसाशी लग्न केले आणि भारतीय नागरिकत्व सोडले नाही. तिचा १९९०मध्ये बर्लिनला जन्मलेला मुलगा वंशपरंपरेने भारतीय ठरत नाही. १९९३मध्ये तिथेच जन्मलेली मुलगी ठरू शकते. आई तीच, घर तेच. मला हा अन्याय वाटतो, आणि कागदावर तो आजही तसाच आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर वडिलांच्या आधी आईचे नाव लागते. तिथवर यायलाही आपल्याला एवढी वर्षे लागलीच की.

आता नोंदणीचे. ३ डिसेंबर २००४पासून परदेशात जन्मलेल्या मुलासाठी आई किंवा वडील भारतीय असणे पुरेसे नाही. जन्मापासून एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करावी लागते, आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असे आईवडिलांनी लिहून द्यावे लागते. वर्ष उलटले तर केंद्र सरकारची परवानगी लागते. आखातात मुलाचा व्हिसा काढायचा तर पासपोर्ट हवाच, म्हणून बहुतेक जण धावपळ करून हे काम उरकतात. अमेरिकेत जन्मलेल्या बाळाचा तिथला पासपोर्ट लोक आधी काढतात आणि मग विचारतात, आता भारतीय पासपोर्टही मिळेल ना? नाही मिळत. मिळते ते ओसीआय कार्ड. त्यावर आजीकडे हवे तितके राहता येते, पण मतदान करता येत नाही.

आणखी एक गोष्ट. मूल लहान असताना आईवडिलांपैकी कुणी रीतसर घोषणा करून भारतीय नागरिकत्वाचा त्याग केला, तर मुलाचेही जाते. अठरा पूर्ण झाल्यावर वर्षभरात मूल ते परत मागू शकते. मात्र परदेशी नागरिकत्व घेतल्यामुळे आईवडिलांचे भारतीयत्व कायद्याने आपोआप संपले असेल, तर या वाटेने परत येता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४मध्ये स्पष्ट केले. तो तरुण जन्मला त्याआधीच त्याच्या आईवडिलांनी सिंगापूरचे नागरिकत्व घेतले होते.

ज्यांच्या मुलांची वकिलातीत नोंद झाली आहे, पण जन्मामुळे दुसऱ्या देशाचे नागरिकत्वही आहे, त्यांनी अठरावा वाढदिवस कॅलेंडरवर ठळक करून ठेवावा. त्यानंतर सहा महिन्यांत परदेशी नागरिकत्व सोडले नाही, तर भारतीय नागरिकत्व जाते. त्यासाठी घरी कुठलीही नोटीस येत नाही.