कावेरीच्या पाण्यावर चालणारं उंदरांचं पंचांग

तंजावर म्हटलं की मराठी माणसाला सरस्वती महाल आठवतो, बृहदीश्वराच्या भिंतीवरचा भोसल्यांचा मराठी शिलालेख आठवतो. आज देवळाकडे पाठ करून जरा भाताच्या बांधावर चला. खाली बघत चला. तो भुसभुशीत मातीचा ढिगारा दिसला? त्याच्याशेजारी बिळाचं तोंड आहे आणि ते आतून मातीनं गच्च लिंपलेलं आहे. म्हणजे मालक घरात आहे.

हा मालक घुशीचा धाकटा भाऊबंद, शास्त्रीय नाव बँडिकोटा बेंगालेन्सिस. आपल्या कोकणातल्या भातखाचरांतही तो आहेच. एका बिळात सहसा एकच उंदीर किंवा एक मादी आणि तिची पिल्लं. शेजारधर्म त्याला मानवत नाही. पीक तयार होण्याच्या दिवसांत बीळ खणलंत, तर एखाद्या कप्प्यात भाताच्या लोंब्या रचलेल्या सापडतात, देठासकट कापून आणलेल्या. उत्तर तमिळनाडूतले इरुळर आदिवासी मडक्यात गवत पेटवून बिळात धूर फुंकतात, उंदीर धरतात आणि ही कणगीही रिकामी करतात. उंदरानं पळवलेलं भात अखेर माणसाच्या चुलीवर शिजतं!

देठ मात्र बघण्यासारखे असतात. काप तिरका आणि स्वच्छ. उंदराच्या पुढच्या दातांना टणक कवच असतं ते फक्त पुढच्या बाजूला, मागची बाजू मऊ. मऊ भाग आधी झिजतो आणि धार आपोआप लागत राहते. दात जन्मभर वाढतात, त्यामुळे हे हत्यार कधी संपतही नाही.

पण मला खरं थक्क करतं ते त्याचं वेळापत्रक. मेट्टूर धरण बांधून झालं १९३४ साली. खालच्या त्रिभुज प्रदेशासाठी त्याचे दरवाजे उघडण्याची रूढ तारीख १२ जून आणि बंद करण्याची २८ जानेवारी. या दोन तारखांच्या मध्ये तंजावरची भातं होतात: आधी थोड्या दिवसांचं कुरुवै, मग लांब मुदतीचं संबा, आणि कुरुवै निघालेल्या रानात तालडी. पाणी आलं, चिखलणी झाली की सगळं शिवार तळं होतं. कोरडी जागा उरते ती बांधाची. उंदीर तिथे येतो आणि फुटवे कुरतडत दिवस काढतो.

मग पीक पोटरीला येतं, आणि एकाएकी माद्या गाभण राहू लागतात.

याच वेळी का? जरा हिशोब मांडून बघा. भात पोटरीत आल्यापासून कापणीपर्यंत साधारण दीड महिना जातो. उंदरीण सुमारे तीन आठवड्यांत विते, तोवर दाण्यात दूध भरू लागलेलं असतं. एका वेळी सहा-सात पिल्लं, कधी दहाच्याही वर. ती महिन्याभरात आईचं दूध सोडतात. म्हणजे पिल्लं दात चालवायला शिकतात, तेव्हा शिवारात दाणा पिकलेला असतो! हे गणित मादी कुठे शिकली? शिकली नाही. सकस चारा पोटात गेला की शरीर विणीला तयार होतं, आणि तो चारा ठरतो पाण्याच्या तारखेवर. कावेरीच्या पाण्यावरून दोन राज्यं पिढ्यानपिढ्या भांडली; त्या भांडणात उंदरांचाही हितसंबंध गुंतलेला आहे, हे कुठल्या वकिलानं मांडल्याचं ऐकिवात नाही.

हेच नाटक आफ्रिकेत धरणाशिवाय चालतं. टांझानियातल्या मोरोगोरोच्या मक्याच्या रानांत मॅस्टोमिस नावाचा उंदीर आहे. त्याच्या मादीला चोवीसपर्यंत स्तनाग्रं असू शकतात, यावरून काय ते समजा. हर्विग लेयर्स आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली 'नेचर'मध्ये दाखवलं, की या उंदरांची संख्या मागच्या काही महिन्यांत किती पाऊस पडला आणि आधीच रानात किती उंदीर आहेत, यांवर हलते. पाऊस मोजा आणि उंदरांच्या लाटेची चाहूल आधीच घ्या! मोरोगोरोत जे काम ढग करतात, ते तंजावरात धरणाचा दरवाजा करतो.

या मॅस्टोमिसची आणखी एक गंमत, जरा भीतिदायक. पश्चिम आफ्रिकेत तो लासा तापाचा विषाणू बाळगतो. १९६९ साली नायजेरियातल्या लासा गावात तो ताप पहिल्यांदा ओळखला गेला. मोरोगोरोतल्या त्याच जातीच्या उंदरात त्या विषाणूचा चुलतभाऊ आहे, पण त्यानं माणूस आजारी पडल्याचं दिसलेलं नाही. उंदीर तोच, खंड तोच, फक्त टोक वेगळं.

भातशेतीतला पाहुणा निराळा: लेप्टोस्पायरा. मळसूत्रासारखा पिळलेला हा जिवाणू उंदराच्या मूत्रपिंडात मुक्काम करतो. उंदीर ठणठणीत असतो. मुतताना तेवढा जिवाणू चिखलात सोडत जातो. पाण्यात उभं राहून पायाची कातडी मऊ पडली, बोटाला चीर गेली, की आत शिरायला वाट मिळाली. पावसाळ्यात सिंधुदुर्गातले लोक या तापाचं नाव काढताच गंभीर होतात, ते याचसाठी.

आता रात्रीकडे वळू. तंजावर जिल्ह्याचे तुकडे होण्याआधी मयिलाडुतुरै त्यातच होतं. तिथल्या मन्नम्पंदलच्या ए. व्ही. सी. कॉलेजातल्या प्राणिशास्त्रज्ञांनी गव्हाणी घुबडांच्या गोळ्या अभ्यासल्या. घुबड लहान उंदीर अख्खा गिळतं आणि केस-हाडांचा गोळा करून तोंडावाटे टाकून देतं. तो पाण्यात भिजवून सोडवा: आत कवटी, जबडा, दात, सगळं शाबूत. वरच्या पुढच्या दातावर उभी खाच दिसली, तर तो जरबिल नावाचा उंदीर. या जरबिलाचे आफ्रिकेतले नातेवाईक पूर्वी त्याच्याच टाटेरा प्रजातीत धरत असत. पुढे त्यांचा संसार वेगळा केला, आणि टाटेरात आपला एकटाच उरला.

आणि घुबड अंधारात नेम साधतं कसं? त्याचा डावा कान उजव्यापेक्षा वर असतो! सळसळ डावीकडे झाली की उजवीकडे, हे दोन कानांतल्या वेळेच्या फरकावरून कळतं. वर की खाली, हे आवाजाच्या कमीजास्तीवरून. एरिक क्नुडसेन आणि मासाकाझू कोनिशी यांनी १९७८ साली घुबडाच्या मेंदूत अशा पेशी दाखवल्या, ज्यांतली प्रत्येक पेशी अवकाशातल्या ठरावीक जागेवरूनच आलेल्या आवाजाला दाद देते. घुबडाच्या डोक्यात आवाजाचा नकाशा आहे, अक्षरशः.

माणसाचं उत्तर त्यामानानं साधं, पण हुशार. तंजावरची एलि-किट्टी म्हणजे बांबूची ताणलेली कमान, दोरी आणि खटका. आमिष ओढलं की कमान सुटते आणि मान आवळली जाते. संध्याकाळी लावायची, सकाळी गोळा करायची. झिंक फॉस्फाइडचं विष थोडंसं चाखून वाचलेला उंदीर त्या आमिषाला पुन्हा तोंड लावत नाही, त्यामुळे बांबूला अजून मागणी आहे. बांध अरुंद आणि बुटके ठेवले, तर बीळ पाडायलाच जागा उरत नाही. शेजाऱ्यांनी लावणी एकाच सुमारास केली, तर पोटरीचा हंगाम लांबत नाही; मागेपुढे केली, तर उंदीर एका शेतातून दुसऱ्यात सरकत राहतात आणि विणीचे दिवस वाढतात. किट्टी लावायची तीही लावणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, माद्या गाभण राहण्याआधी. पोटरीनंतर त्याच बिळात एकीच्या जागी आठजणांचं बिऱ्हाड असतं.