सकाळी मूठ वळत नाही? आमवात आणि त्याची नवी औषधं

मी बोलतेय तळेगावातून. नागपूर-अमरावती हायवेवरचं आपलं तळेगाव (श्यामजी पंत). तुम्हाला वाटेल, सांधेदुखी हा काही आपला विषय नाही. पण घरात आई, मावशी, मोठी आई आहे ना? मग पाच मिनिटं ऐकाच.

माझी मोठी आई कापूस वेचण्यात कुणाला ऐकायची नाही. चाळिशीत एकदा म्हणाली, "सकाळी मूठच वळत नाही बापा." घरच्यांनी ठरवलं, वात आहे. कुणीतरी पुड्या आणून दिल्या. दोन दिवसांत सूज गायब! मग तीन वर्षं पुड्याच चालल्या. पुढे डॉक्टर म्हणाले, त्यात बहुतेक स्टेरॉइड होतं. वरून सूज दबली, आत सांधे खराब होत राहिले. आज तिची बोटं वाकडी आहेत, आणि ती सरळ करणारी गोळी नाही.

हा होता ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात. म्हातारपणी गुडघे झिजतात तो आजार वेगळा. इथे शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. बायकांमध्ये हा जास्त दिसतो. पुण्याजवळच्या भिगवणला १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या टीमने घरोघरी पाहणी सुरू केली. तिथे साधारण दोनशे प्रौढांमागे एकाला आमवात निघाला. म्हणजे आपल्या गावातही असे लोक असणारच.

ओळखायचं कसं? दोन्ही हातांची बोटं, मनगटं सुजतात. सकाळचा आखडलेपणा अर्धा-एक तास जात नाही. सहा आठवडे असंच चाललं तर थांबू नका. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्ताच्या तपासण्या असतात. त्या निगेटिव्ह आल्या तरी आजार असू शकतो, म्हणून डॉक्टरांनी सांधे तपासणं महत्त्वाचं. आम्ही आर्वी-वर्धा करत सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात गेलो. मोठ्या आईचे खरे उपचार तिथे सुरू झाले.

पहिलं औषध बहुधा जुनंच असतं: मेथोट्रेक्सेट. नीट ऐका, ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. मी मोबाइलवर दर रविवारचा अलार्म लावलाय. सोबत फॉलिक अ‍ॅसिड देतात. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात, त्यामुळे पंधरा दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून सोडू नका. मधूनमधून रक्त आणि लिव्हर तपासावं लागतं. गरोदरपणात हे औषध चालत नाही. दारूपासूनही लांब राहायचं.

तीन ते सहा महिन्यांत आजार आटोक्यात आला नाही, तर नवी औषधं. पहिली बायोलॉजिक इंजेक्शनं. हल्ल्याचा निरोप नेणारे रेणू ती अडवतात, उदाहरणार्थ टीएनएफ. ती महाग असतात. पण २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने अडॅलिम्युमॅबची जगातली पहिली बायोसिमिलर आवृत्ती भारतात आणली. बायोसिमिलर म्हणजे मूळ औषधाशी जवळजवळ जुळणारं, पण स्वस्त.

दुसऱ्या जॅक इनहिबिटर गोळ्या, जसं टोफासिटिनिब. त्या तोच निरोप पेशीच्या आत तोडतात. टोफासिटिनिबची जेनेरिकं आपल्याकडे मिळतात. पण २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कडक इशारा दिला: हृदयविकार, पक्षाघात, रक्ताच्या गुठळ्या, कॅन्सर यांचा धोका वाढू शकतो. वय जास्त असेल, तंबाखू-सिगारेट असेल, तर विशेष जपून.

दोन्हींच्या आधी टीबीची तपासणी हवीच. कारण आपल्याकडे अनेकांच्या शरीरात टीबी झोपलेला असतो, आणि या औषधांनी तो जागा होऊ शकतो. कावीळ बी सुद्धा तपासतात.

स्टेरॉइड वाईटच असं नाही. डॉक्टर सुरुवातीला थोडे दिवस देतात. पण बिननावाच्या पुडीत किती आहे कुणाला माहीत? साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. घरात कुणी अशी पुडी खूप दिवसांपासून घेत असेल, तर ती अचानक बंद करू नका. पुडी घेऊनच डॉक्टरकडे जा.

मोठी आई आता सकाळी स्वतः पोळ्या लाटते. वाकलेली बोटं तशीच आहेत, पण आजार पुढे सरकलेला नाही. तीन वर्षं आधी गेलो असतो तर... असो. तुम्ही उद्या सकाळी आईला एवढंच विचारा: "मूठ वळायला किती वेळ लागतो गं?"