विकत घेतलेला गेम नक्की कुणाचा?

गेल्या डिसेंबरात आम्ही तीन आठवडे कऱ्हाडला आईबाबांकडे होतो. निघण्यापूर्वी आमच्या तेरा वर्षांच्या चिरंजीवांनी लॅपटॉपवर दोन गेम उतरवून ठेवले होते. दोन्ही विकत घेतलेले, दोन्ही एकट्याने खेळायचे. तिसऱ्याच दिवशी रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली आणि घरातले इंटरनेट गेले. पहिला गेम बिनतक्रार सुरू झाला. दुसऱ्याने मात्र पडद्यावर पाटी लावली : खात्याची खातरजमा करता येत नाही, इंटरनेट जोडा.

बाबा शेजारी पेपर वाचत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "अरे, पैसे भरलेत ना याचे?"

"भरलेत आजोबा. साठ डॉलर."

"मग आता कुणाला विचारायचं राहिलंय?"

शेवटी मी माझ्या फोनचा हॉटस्पॉट चालू केला आणि गेम मिनिटभरात सुरू झाला. फोन खिशात घालून मी भाजी आणायला बाहेर पडलो, तर तो पुन्हा बंद. म्हणजे एकदा विचारून त्याचे भागत नव्हते.

संगणक एकच, खेळणारा एकच, मग दोन गेमच्या वागण्यात हा फरक का? बाबांच्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर थोडी तंत्रविद्या, थोडे अर्थशास्त्र आणि थोडा कायदा, तिन्हींत डोकवावे लागते. आपण परदेशात राहणारे, देश बदलणारे लोक असल्यामुळे हा विषय आपल्याला जरा जास्तच लागू पडतो.

दुकानातून आपण काय आणतो?

२००३ सालच्या सप्टेंबरात व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने 'स्टीम' सुरू केले. सुरुवातीला तो त्यांच्याच गेमना सुधारणा पोहोचवण्याचा मार्ग होता. २००४ च्या नोव्हेंबरात त्यांचा 'हाफ-लाइफ २' आला. दुकानातून डबा विकत घेतला, आत तबकड्या मिळाल्या, तरी स्टीमवर खाते उघडून इंटरनेटवरून गेम 'चालू' करून घेणे सक्तीचे होते. त्या काळी अनेकांकडे डायल-अप होते. लोक चिडले. आज तेच स्टीम पीसी गेमचे सर्वांत मोठे डिजिटल दुकान आहे आणि तेव्हाची सक्ती आता कुणाला जाणवतही नाही.

तबकडी आणि खाते यांत फरक मोठा आहे. तबकडी ही वस्तू आहे. ती मित्राला देता येते, जुन्या बाजारात विकता येते, माळ्यावर टाकून वीस वर्षांनी काढता येते. डिजिटल दुकानात 'खरेदी करा' हे बटण दाबल्यावर मिळतो तो परवाना, म्हणजे गेम वापरण्याची परवानगी. स्टीमच्या करारानुसार तुमचे खाते दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, विकता येत नाही.

मुंबईकरांना पागडीचे घर ठाऊक असते. एकरकमी मोठे पैसे मोजलेले असतात, माणूस आयुष्यभर तिथे राहतो, पण मालक दुसराच. आपला परवाना काहीसा तसा आहे. फरक इतकाच की पागडीवाल्याला भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण असते आणि मालकाच्या संमतीने, त्याचा वाटा देऊन, पागडी दुसऱ्याला देता येते. गेमच्या परवान्याला यातले फारसे काही नाही.

कॅलिफोर्नियाने निदान शब्दांपुरता बदल केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथल्या कायद्यानुसार डिजिटल माल 'विकत घ्या' असे म्हणून विकायचा असेल, तर हा केवळ परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे लागते. जो माल कायमचा उतरवून इंटरनेटविना वापरता येतो, त्याला या अटीतून सूट आहे. ही सूट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

शिक्का ओळखण्याची युक्ती

आता तंत्राकडे वळू. गेमच्या फाइल्स तर तुमच्या संगणकात आल्या. त्या तुम्ही पेन ड्राइव्हवर घालून दहा मित्रांना दिल्यात तर? यासाठी गेम सुरू होताना एक दाखला मागतो. हा दाखला दुकानाच्या सर्व्हरने दिलेला असतो. त्यात साधारणपणे खाते कोणते, गेम कोणता आणि मुदत कधीपर्यंत, अशी माहिती असते.

असा दाखला कुणीही लिहील! तो खरा कशावरून? इथे डिजिटल सही कामाला येते. शिवकालीन पत्रांच्या शेवटी मोर्तब केले जाई, म्हणजे त्याखाली मागाहून कुणी मजकूर वाढवला तर लगेच कळावे. डिजिटल सही तेच काम गणिताने करते. सर्व्हर आधी दाखल्यातील मजकुराचे एका सूत्राने लहानसे सार काढतो. त्याला हॅश म्हणतात. मजकुरात एक अक्षर बदलले तरी हॅश पूर्ण बदलतो. मग सर्व्हर आपल्या गुप्त किल्लीने त्या हॅशवर सही करतो. या किल्लीची जोडीदार असलेली दुसरी, उघड किल्ली गेमसोबत सर्वांना दिलेली असते. उघड किल्लीने सही तपासता येते, पण नवी सही करता येत नाही. ठसा सर्वांना ओळखता येतो, शिक्का मात्र एकाच ठिकाणी असतो.

या पद्धतीत एक सोय दडलेली आहे. तपासणी तुमच्याच संगणकावर होते, तिला सर्व्हर लागत नाही. एकदा इंटरनेट असताना दाखला मिळाला की मुदत संपेपर्यंत गेम विमानात, गावाला, कुठेही चालू शकतो. आमच्या चिरंजीवांचा पहिला गेम चालला तो अशाच जपून ठेवलेल्या दाखल्यावर.

कुलूप आणि चोर एकाच घरात

मग सगळेच गेम असे का नसतात?

कारण तपासणारा पहारेकरी ग्राहकाच्याच संगणकात बसलेला असतो. सही बनावट करणे जवळपास अशक्य असले, तरी 'सही खोटी असेल तर थांब' ही सूचनाच कार्यक्रमातून उडवून टाकता येते. गेमची कुलपे तोडणारे नेमके हेच करतात. यावर कंपन्यांनी दोन उपाय शोधले.

पहिला उपाय म्हणजे पहारेकऱ्याला लपवणे. ऑस्ट्रियातील 'डेनुवो' हे तंत्र २०१४ पासून वापरात आहे. ते तपासणीचे काम गेमच्या संहितेत इतके गुंतवून टाकते की कुठला धागा ओढावा हे कळू नये. हा गुंता सोडवायला वेळ लागतो आणि कंपनीला तेवढाच वेळ हवा असतो, कारण नव्या गेमची बरीच विक्री पहिल्या काही आठवड्यांत होते. या गुंत्यामुळे गेम मंदावतो, ही खेळाडूंची जुनी तक्रार आहे. कंपनीला ती मान्य नाही.

दुसरा उपाय अधिक जालीम आहे. गेमचा एक भाग ग्राहकाला द्यायचाच नाही, तो सर्व्हरवरच ठेवायचा. जे तुमच्याकडे नाहीच, त्याचे कुलूप तुम्ही तोडणार कसे?

२०१३ च्या मार्चमध्ये आलेल्या 'सिमसिटी'ने हा मार्ग धरला. एकट्याने शहर वसवायचा हा खेळ, पण इंटरनेट अखंड हवे. पहिल्याच दिवसांत सर्व्हर गर्दीने कोलमडले आणि पैसे भरलेले लोक रांगेत ताटकळले. बरीच आकडेमोड सर्व्हरवर होते, म्हणून इंटरनेट अपरिहार्य आहे, असे तेव्हा सांगितले गेले. जोडणी तोडल्यावरही खेळ काही मिनिटे व्यवस्थित चालतो, हे खेळाडूंनी लवकरच दाखवून दिले. वर्षभराने कंपनीने स्वतःच इंटरनेटविना चालणारी सोय दिली.

म्हणून 'ऑनलाइन लागते' हे वाचल्यावर ते का लागते, हे विचारायला हवे. अनेकांनी मिळून खेळायच्या खेळात सर्व्हर हा पंच असतो. कुणाची गोळी कुणाला लागली याचा निवाडा त्रयस्थानेच करायला हवा, नाहीतर लबाडी होते. तिथे ती गरज खरी आहे. एकट्याने खेळायच्या खेळात ती बहुधा पहारेकऱ्याची गरज असते, तुमची नव्हे.

कधी कधी ही गरज तिसऱ्याच कुणाची असते. २०२४ च्या मेमध्ये सोनीने जाहीर केले की स्टीमवर 'हेलडायव्हर्स २' खेळणाऱ्यांनीही प्लेस्टेशन नेटवर्कचे खाते जोडावे. अडचण अशी की ते नेटवर्क शंभराहून अधिक देशांत उपलब्धच नव्हते आणि गेम तर तिथेही विकला गेला होता. दोन-तीन दिवसांत स्टीमवर दोन लाखांहून जास्त नापसंतीचे अभिप्राय पडले आणि सोनीने निर्णय मागे घेतला.

एकाच गेमचे दहा भाव

आता पैशांकडे. साठ डॉलरचा गेम विकला गेला तर स्टीम सर्वसाधारणपणे ३० टक्के, म्हणजे १८ डॉलर ठेवून घेते. २०१८ पासून खूप खपणाऱ्या गेमसाठी हा वाटा आधी २५ आणि मग २० टक्क्यांवर येतो. त्याच वर्षी डिसेंबरात एपिकने आपले दुकान १२ टक्क्यांवर उघडले. त्या हिशेबाने साठपैकी ७ डॉलर २० सेंट दुकानाला आणि बाकीचे निर्मात्याला. निर्माते खूश झाले, पण बरेच खेळाडू नाराज. वाचलेले पैसे क्वचितच ग्राहकापर्यंत आले आणि काही गेम ठरावीक काळ फक्त एपिककडेच मिळू लागले. आवडते गेम, मित्र, जुनी खरेदी सगळे एका दुकानात असताना दुसऱ्या दुकानाचे खाते कोण सांभाळणार?

भारतात राहणारा भाचा तोच गेम बराच स्वस्तात घेतो, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. देवगडचा हापूस न्यू जर्सीत महाग पडतो, कारण विमानाचे भाडे असते. गेमला भाडे नाही. आणखी एक प्रत विकण्याचा खर्च जवळपास शून्य. मग भाव वेगळा का?

समजण्यासाठी मनचे आकडे घेऊ. एका देशात साठ डॉलरला १०० जण गेम घेतात, उत्पन्न ६,००० डॉलर. वीस डॉलरला तिथेच ५०० जण घेतात, उत्पन्न १०,००० डॉलर. जास्तीच्या ४०० प्रतींना खर्च नाही, म्हणून भाव उतरवण्यातच फायदा. श्रीमंत देशात मात्र साठचा भाव सोडण्याचे कारण नाही. ही व्यवस्था टिकायची तर दोन बाजारांमध्ये कुंपण हवे, नाहीतर सगळेच स्वस्त बाजारात जातील.

त्या कुंपणाच्या तारा आपल्याला बोचतात. स्टीमवर दोन देशांतील किमतींत फार तफावत असेल तर गेम भेट म्हणून पाठवता येत नाही. देश बदलायचा तर नव्या देशातील कार्ड किंवा खाते लागते आणि असा बदल तीन महिन्यांतून एकदाच करता येतो. व्हीपीएन वापरून स्वस्त देशात 'राहायला' जाणे नियमबाह्य आहे. तरी लोक जातात आणि त्याची किंमत तिथले रहिवासी मोजतात. चलनाची घसरण झालेल्या अर्जेंटिना आणि तुर्कस्तानात २०२३ च्या नोव्हेंबरपासून स्टीमने स्थानिक चलन सोडून डॉलरमध्ये भाव लावायला सुरुवात केली. तिथे कित्येक गेम एका रात्रीत अनेक पटींनी महागले.

कुंपण सगळीकडे चालतेच असे नाही. युरोपीय संघात एकच बाजारपेठ असल्यामुळे सदस्य देशांमध्ये अशी अडवणूक केल्याबद्दल २०२१ मध्ये युरोपीय आयोगाने व्हॉल्व्ह आणि पाच प्रकाशकांना मिळून ७८ लाख युरोंचा दंड केला.

सर्व्हरच बंद झाला तर?

युबिसॉफ्टचा 'द क्रू' हा मोटारींचा गेम २०१४ मध्ये आला. त्यात एकट्याने खेळायची कथाही होती, पण सर्व्हरविना काहीच चालत नसे. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि पूर्ण पैसे देऊन घेतलेला गेम कुणालाच सुरू करता येईना.

त्यातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली. सर्व्हर कायम चालवा, अशी तिची मागणी नाही. सेवा थांबवताना गेम खेळता येईल अशा स्थितीत सोडा, एवढेच ती म्हणते. युरोपीय संघातील नागरिकांच्या अर्जावर २०२५ च्या जुलैपर्यंत आवश्यक त्या दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. गेम कंपन्यांच्या संघटनेचे म्हणणे असे की खाजगी सर्व्हरवर खेळाडूंच्या माहितीची सुरक्षा आणि गैरमजकुराची जबाबदारी कुणाची हे ठरत नाही आणि खर्चही वाढतो. हे आक्षेप पोकळ नाहीत. मात्र गेमची रचना करतानाच शेवटाचा विचार केला, तर खर्च बराच कमी होतो. 'द क्रू' बंद केल्यावर त्याच कंपनीने पुढच्या दोन भागांना इंटरनेटविना चालण्याची सोय देण्याचे जाहीर केले.

खरेदीपूर्वी पाहाच

गेमच्या पानावर किमतीच्या आसपास बारीक पाट्या असतात. 'दुसऱ्या कंपनीचे खाते आवश्यक', 'डेनुवो' किंवा 'सतत इंटरनेट आवश्यक' असे काही आहे का, ते पाहा. एकट्याने खेळायच्या गेमवर यातली शेवटची पाटी असेल, तर तो गेम भाड्याने घेतोय असे समजून किंमत ठरवा.

घेतल्यावर लगेच इंटरनेट तोडून गेम सुरू होतो का, ते तपासा. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि खेळण्याचे दोन तास भरण्याआधी पैसे परत मागता येतात, म्हणून ही परीक्षा पहिल्याच दिवशी घ्या.

जो गेम मुलांसाठी जपून ठेवावासा वाटतो, तो शक्य असेल तर २००८ साली पोलंडमध्ये सुरू झालेल्या जीओजीसारख्या दुकानातून घ्या. तिथे गेम बसवण्याची पूर्ण फाइल उतरवून स्वतःच्या डिस्कवर ठेवता येते. परवाना तिथेही आहेच, पण पहारेकरी नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्यातील ती सूट अशाच मालासाठी आहे.

देश बदलणार असाल, तर खात्यातील देशाचे नियम आधी वाचा. भाच्याला गेम द्यायचा असेल, तर पैसे पाठवून त्यालाच तिथे घ्यायला सांगणे सोपे पडते.

कऱ्हाडला इंटरनेट चौथ्या दिवशी आले. तोपर्यंत बाबांनी माळ्यावरचा कॅरम काढला होता. मी शाळेत असताना घेतलेला, कडा झिजलेला, एक सोंगटी हरवलेली म्हणून तिच्या जागी शर्टाचे बटण. आजोबा-नातू त्यावर तासन् तास बसले. मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी चिरंजीवांनी मला विचारले, "बाबा, तो दुसरा गेम मी मोठा होईपर्यंत चालेल का?"

त्यांनी सर्व्हर चालू ठेवला तर, असे मी सांगितले. याहून चांगले उत्तर आज तरी माझ्याकडे नाही. तुमच्यावर असा प्रसंग आला असेल, तर खाली जरूर लिहा.