मोटारीच्या क्रँककेसमधील वायुवीजन झडप : दोषाची परीक्षा व बदल

बंगळूरच्या उत्तरेस, समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर देवनहळ्ळी हे गाव आहे. तेथून नंदीदुर्गास जाणारी मोटार १,४७८ मीटर उंचीच्या माथ्याकडे चढते आणि त्याच वाटेने उतरते. या चढउतारात इंजिनावरील भार सारखा बदलतो व त्याबरोबर इंजिनावरील एक लहानशी झडपही आपले तोंड कमीअधिक उघडीत असते. ही क्रँककेसची वायुवीजन झडप होय. गॅरेजमध्ये तिला पीसीव्ही व्हॉल्व्ह म्हणतात. ती बिघडली म्हणजे इंजिन तेल गाळू लागते, आणि पुष्कळदा दोष भलत्याच भागाला दिला जातो.

झडपेची आवश्यकता

सिलिंडरमध्ये इंधन पेटले की दट्ट्या खाली ढकलला जातो. त्याच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी थोडा वायू फटींतून खाली, क्रँकदंड असलेल्या पेटीत, निसटतोच. त्यात न जळलेले पेट्रोल, ज्वलनाचे वायू व पाण्याची वाफ असते. एक लिटर पेट्रोल जळले असता सुमारे एक लिटर पाणी तयार होते. त्यातील अल्पांश जरी तेलात साठला, तरी कालांतराने तेलाचा चिकट गाळ बनतो.

जुन्या गाड्यांत हे वायू एका नळीने रस्त्यावर सोडून देत. कॅलिफोर्नियाने १९६१ साली ते इंजिनातच परत जाळण्याची योजना सक्तीची ठरविली व पुढे ती सर्वत्र रूढ झाली. भारतातही नव्या पेट्रोल गाडीस मान्यता देताना क्रँककेसचे वायू बाहेर पडत नाहीत ना, हे तपासले जाते. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था अशा परीक्षा करते.

झडपेचे कार्य

झडपेत एक लहान दांडा व एक स्प्रिंग असते. साध्या, टर्बोरहित पेट्रोल इंजिनाच्या प्रवेशनळीत गाडी उभी असताना किंवा अॅक्सिलरेटर सोडून घाट उतरताना ओढ फार असते. ती दांड्यास खेचून वाट अरुंद करते. चढावर ओढ कमी होते, परंतु निसटणारा वायू वाढतो. तेव्हा स्प्रिंग दांड्यास मागे लोटते व वाट रुंद होते. प्रवेशनळीत उलट भडका उडाल्यास झडप पूर्ण मिटते व ज्वाला क्रँककेसमध्ये शिरू देत नाही.

दोषाची लक्षणे

काजळी व गाळ यांमुळे झडप मिटलेली अडकली, तर पेटीतील दाब वाढतो. तेल सीलांतून झिरपते व एअर फिल्टरमध्येही शिरते. उघडी अडकली, तर उभ्या गाडीच्या इंजिनास जादा हवा मिळून ते अडखळते आणि तेलाचा खप वाढतो. पहिल्या प्रकारात केवळ सील बदलणे व्यर्थ होय. दाब कायम राहिल्याने नवे सीलही गळू लागते.

परीक्षा

गाडी मोकळ्या हवेत उभी करावी. बंद गॅरेजमधील धूर प्राणघातक ठरतो. इंजिन मंद चालू ठेवून, पंखा व पट्ट्यांपासून हात आणि कपडे दूर ठेवून, झडप तिच्या खोबणीतून उपसावी, नळी मात्र जोडलेलीच ठेवावी. झडपेच्या मोकळ्या तोंडावर बोट ठेवले असता जोराची ओढ जाणवली पाहिजे. ती नसल्यास झडप किंवा नळी तुंबली आहे. इंजिन बंद करून झडप हलवावी. दांडा खुळखुळला नाही तर ती अडकली आहे. खुळखुळला तरी स्प्रिंग निर्दोष आहे असे मात्र सिद्ध होत नाही. नळीच्या चिरा व रबरी बूचही पाहावे. काही आधुनिक इंजिनांत झडप वरच्या झाकणातच बसविलेली असते. तेथे निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे वागावे.

बदल

इंजिन थंड झाल्यावर नळीची चाप सैल करून झडप काढावी. नळी आतून स्वच्छ करावी. कडक झाली असल्यास बदलावी. नवी झडप त्याच इंजिनासाठी ठरविलेल्या क्रमांकाचीच घ्यावी, कारण दिसण्यात सारख्या झडपांच्या स्प्रिंगा निरनिराळ्या ताकदीच्या असू शकतात. बाण असल्यास तो प्रवेशनळीकडे ठेवावा, रबरी बूच नवे घालावे व प्लास्टिकच्या भागांवर जोर करू नये. तेलात गाळ दिसल्यास तेल व त्याचा फिल्टरही बदलावा. शेवटी इंजिन चालू करून ओढ पुन्हा पाहावी.

नवी झडप व स्वच्छ नळी असूनही दाब राहिला, तर रिंगा झिजल्या असण्याचा संभव असतो. तेव्हा सिलिंडरांचा दाब मोजून घ्यावा. मोठी दुरुस्ती हाती घेण्यापूर्वी या लहान भागाची परीक्षा करणे, हाच तेलगळतीच्या शोधाचा योग्य क्रम होय.