आसन एक, अंगे अनेक

२१ जूनची सकाळ डोळ्यांपुढे आणा. २०१५ सालापासून हा दिवस जगभर योगदिन म्हणून पाळला जातो. आपल्या रत्नागिरीकडे त्या सुमारास पाऊस कोसळत असतो, म्हणून मुले शाळेच्या पडवीत रांगेने उभी आहेत. गुरुजी मोजताहेत, एक... दोन... तीन. सगळे पुढे वाकले. बहुतेकांचे हात पायांच्या अंगठ्याला लागले. शेवटच्या रांगेतल्या एकाचे मात्र गुडघ्याखाली जाईनात. शेजारचा फिसकन हसला. तो मुलगा त्या दिवशी काय शिकला? योग हे आपले काम नव्हे, एवढेच!

गुरुजी, मला आज तुमच्याशी या मुलाबद्दल बोलायचे आहे. आणि घरी ऐकणाऱ्या मायबहिणींनो, तुमच्याशीही. कारण 'आम्हाला नाही बाई ते जमायचे' हे तुमचेही नेहमीचेच वाक्य.

आता पाहा, योगशास्त्र या मुलाबद्दल काय म्हणते? पतंजलींच्या योगसूत्रांत आसनाविषयी जेमतेम तीन सूत्रे आहेत. त्यांत हात कुठवर पोचावा, याचे माप कुठेही दिलेले नाही. सांगितले आहे ते एवढेच की, आसन स्थिर असावे आणि सुखाचे असावे. म्हणजे गुडघ्यापाशी हात ठेवून शांतपणे श्वास घेणारा आपला मुलगा योगाच्या अधिक जवळ आहे. अंगठा पकडून दम कोंडणारा त्याच्या मागे राहिला!

मग ज्याने त्याने मनाला येईल तसे वाकावे काय? नाही, तसेही नव्हे. पूर्वी पहाटे जात्यावर बसणाऱ्या बायका ओव्या गात. ओवीची ठेवण आजी-पणजीपासून चालत आलेली. पण तिच्यातले माहेर, भाऊ, सुखदुःख हे जिचे तिचे असे. आसनालाही अशी एक ठेवण असते. पुढे वाकताना वाकायचे ते जांघेच्या सांध्यातून, पाठ लांब ठेवून, श्वास न अडकवता. ही झाली ठेवण, ती सोडायची नाही. हात कुठे टेकले, गुडघे किंचित वाकले का, किती वेळ थांबले, हे मात्र ज्याचे त्याचे. तिथे प्रत्येकाने आपली ओवी रचावी.

याचे मोठे उदाहरण पुण्यात घडले. बी. के. एस. अय्यंगार यांचा जन्म १९१८ साली कर्नाटकातल्या बेल्लूर गावी, इन्फ्लुएंझाच्या साथीत झाला. लहानपणी हिवताप, विषमज्वर, क्षय अशी दुखणी पाठीमागे लागली. मैसूरला मेहुणे कृष्णमाचार्य यांच्याकडे ते योग शिकू लागले, तेव्हा त्यांचे स्वतःचे हातही पायाच्या बोटांना लागत नसत. आपल्या शेवटच्या रांगेतलाच मुलगा म्हणा ना! १९३७ साली ते शिकवायला पुण्यास आले आणि पुण्याचेच झाले. पुढे म्हातारी, आजारी, ताठरलेल्या अंगाची माणसे त्यांच्याकडे येऊ लागली. त्यांना परत पाठवण्याऐवजी अय्यंगारांनी आसनच त्यांच्यापर्यंत आणले. हात जमिनीला पोचत नाही? हाताखाली लाकडी वीट ठेवा. पाय धरता येत नाही? पावलाला पट्टा लावा. उभे राहवत नाही? खुर्ची घ्या, भिंतीचा दोर धरा. १९६६ साली त्यांचा योगावरचा इंग्रजी ग्रंथ निघाला आणि त्यांची पद्धत जगभर गेली. २०१४ साली ते वारले, पण त्या विटा आणि पट्टे आज देशोदेशीच्या योगवर्गांत दिसतात. ही सारी कल्पकता अडचणीतून जन्मली, हौसेतून नव्हे.

आपल्या घरातही हे सामान आहेच. पाट, वळकटी, बाकडे, पडवीचा खांब. लावणीच्या दिवसांत चिखलात ओणवे राहून कंबर धरते ना? मग संध्याकाळी ओट्याच्या काठावर तळवे टेका, पावले हळूहळू मागे न्या आणि पाठ फळीसारखी सपाट होईपर्यंत कंबरेतून वाका. गुडघे ताणत असतील तर थोडे वाकू द्या. पाच-सहा श्वास थांबा आणि सावकाश उभ्या राहा. कुणी कमी वाकेल, कुणी जास्त. पाठ मोकळी झाली की झाले.

आणि गुरुजी, वर्गात एक प्रयोग करून पाहा. मुलांना ताडासन, वृक्षासन, नौकासन, भुजंगासन, शवासन अशी पाच सोपी आसने नीट शिकवा. मग चार-चार जणांचे गट करा आणि सांगा, यांतून खाडीवरचा एक दिवस रचून दाखवा. एक गट माडापासून सुरुवात करील, दुसरा होडी आधी पाण्यात लोटील. वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारे कासव कुणाला आठवले, तर तो वज्रासनात बसून, कपाळ जमिनीला लावून, अंग आखडून घेईल. करू द्या. आकडे मोजू नका. प्रत्येकाने आपापल्या श्वासाबरोबर हलावे. शेवट मात्र सर्वांचा शवासनाने.

काही नियम मात्र पक्के ठेवा. पोट रिकामे असावे. झटके देऊ नयेत. मागे वाकल्यावर हळूच पुढे वाकून पाठीला विसावा द्यावा. शीर्षासनासारखी आसने जाणत्या शिक्षकावाचून करू नयेत. दुखू लागले की थांबावे. रक्तदाब असेल, बाई गरोदर असेल, किंवा कंबरेची कळ पायात उतरत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. आणि दुसऱ्याला दाखवण्यासाठी अंग पिरगाळणे ही कल्पकता नव्हे, हेही मुलांना सांगावे.

पुढच्या योगदिनी तो शेवटच्या रांगेतला मुलगा बाकड्यावर हात टेकून वाकेल. कुणी हसलेच, तर त्या हसणाऱ्याला विचारा, "तुझा श्वास कसा चालला आहे रे?" मग त्याचेही लक्ष शेजाऱ्यावरून निघून स्वतःकडे वळेल.