मोसम संपला, दुखणेही थांबले. मग तपासणी कशासाठी?

कबड्डीचा मोसम संपून पावसाळा तोंडावर आला की महाराष्ट्रातील खेळाडूंच्या, पालकांच्या आणि दुर्दैवाने काही प्रशिक्षकांच्याही तोंडी एकच वाक्य असते: 'आता काही दुखत नाही, मग फिजिओकडे कशाला जायचे?' स्पर्धेच्या दिवसांत घोट्याला पट्टी, गुडघ्याला टेप आणि कंबरेला मलम लावून खेळलेला खेळाडू दोन आठवडे घरी बसतो, सूज उतरते, दुखणे थांबते आणि दुखापत बरी झाली असा निर्णय परस्पर होऊन जातो. या निर्णयामागे दोन गृहीतके असतात. दुखणे हे दुखापतीचे माप आहे, हे पहिले; आणि दुखणे थांबले की शरीर पूर्वीसारखे काम करू लागते, हे दुसरे. दोन्ही चुकीची आहेत, आणि ती चुकीची असल्याचे पुरावे कित्येक वर्षांपासून उपलब्ध असूनही दर पावसाळ्यात तेच वाक्य पुन्हा ऐकावे लागते.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. तिच्यानुसार वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचा मिळून एक अप्रिय अनुभव असतो. त्याचा संबंध ऊतींना झालेल्या किंवा होऊ शकणाऱ्या इजेशी असतो, अथवा तो तशा अनुभवासारखा असतो. म्हणजे वेदना ही मेंदूने दिलेली सूचना आहे, इजा किती भरून आली हे सांगणारी मोजपट्टी नव्हे. सूचना थांबण्याची कारणे अनेक असतात: विश्रांती मिळाली, भार कमी झाला, दाह ओसरला, किंवा शरीराने दुखऱ्या भागाला वगळून काम करण्याची दुसरी रीत शोधली. यांतील शेवटचे कारण खेळाडूसाठी सर्वांत घातक असते, कारण ते ना त्याला जाणवते ना पाहणाऱ्याला दिसते.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा कंबरेच्या दुखण्यातून मिळतो. मणक्याला लागून खोलवर मल्टिफिडस नावाचा स्नायू असतो आणि एकेका मणक्याला स्थिर धरण्याचे काम तो करतो. ऑस्ट्रेलियातील ज्युली हाइड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्यांदाच कंबर धरलेल्या रुग्णांचा हा स्नायू सोनोग्राफीने मोजला आणि १९९६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बहुतेकांचे दुखणे चार आठवड्यांत थांबले होते. पण ज्यांना विशिष्ट व्यायाम दिलेला नव्हता, त्यांचा दुखऱ्या बाजूचा स्नायू दहाव्या आठवड्यातही आकाराने लहानच होता, आणि तोही ही मंडळी नेहमीच्या कामाला लागलेली असताना. याच रुग्णांचा पुढे मागोवा घेतला, तेव्हा व्यायाम केलेल्यांपैकी ३० टक्के लोकांना वर्षभरात पुन्हा कंबरदुखी झाली, तर न केलेल्यांपैकी ८४ टक्क्यांना. दुखणे दोन्ही गटांचे थांबले होते. फरक होता तो दुखणे थांबल्यानंतर काय केले याचा.

गुडघ्याची गोष्ट याहून विचार करायला लावणारी आहे. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी गुडघ्यांमध्ये मिठाचे निर्जंतुक पाणी टोचून मांडीच्या पुढच्या स्नायूंचा प्रतिसाद विद्युत उपकरणांनी तपासला गेला. अवघे २० ते ३० मिलिलिटर, म्हणजे चहाचे चार ते सहा चमचे, पाणी सांध्यात गेल्यावर गुडघ्याच्या आतल्या बाजूचा स्नायू मंदावला. इजा नव्हती, वेदना नव्हती, तरीही सांधा भरल्याचा संदेश मज्जारज्जूपर्यंत पोहोचला आणि तेथून स्नायूला मिळणारी आज्ञा दबली गेली. फिजिओथेरपीत याला सांध्यामुळे होणारा स्नायुनिरोध म्हणतात. पकडीत गुडघा पिळवटलेल्या खेळाडूच्या सांध्यात इतपत पाणी आठवडेच्या आठवडे राहू शकते. गुडघा थोडा भरल्यासारखा वाटतो, दुखत नाही, म्हणून त्याकडे कोणी पाहत नाही, आणि दरम्यान मांडी बारीक होत जाते. गुडघ्याच्या वाटीपासून ठरावीक अंतरावर दोन्ही मांड्यांचा घेर टेपने मोजला, तर हा फरक दोन मिनिटांत उघड होतो. पण त्यासाठी कोणीतरी टेप लावायला हवी.

कबड्डीपटूचा घोटा हा तर दुर्लक्षाचा नमुनाच आहे. चढाईपटू बोनस रेषा ओलांडून एक पाय टाकतो तेव्हा मागचा पाय हवेत असतो आणि सारे शरीर क्षणभर एकाच घोट्यावर तोललेले असते. त्याच क्षणी कोपरारक्षक तो घोटा धरायला झेपावतो. घोटा मुरगळतो तो बहुधा अशाच वेळी. 'मुरगळलेय, होईल बरे' या तीन शब्दांवर त्याची बोळवण होते. आयर्लंडमध्ये पहिल्यांदाच घोटा मुरगळलेल्या लोकांचा वर्षभर मागोवा घेतलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र त्यांच्यापैकी ४० टक्के लोकांचा घोटा वर्षानंतरही अस्थिर असल्याचे आढळले. घोट्याच्या अस्थिबंधांत, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्यांत, पाय कोणत्या कोनात आहे हे मेंदूला कळवणारे सूक्ष्म संवेदक असतात. अस्थिबंध ताणला गेला की ही खबर उशिरा आणि अर्धवट पोहोचते, आणि पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू घोटा सावरायला उशीर करतात. सूज उतरल्याने ही खबर आपोआप पूर्ववत होत नाही. ती एका पायावर तोल सांभाळण्याच्या, उडी घेऊन स्थिर उतरण्याच्या सरावाने सुधारावी लागते.

मुरगळलेल्या घोट्याच्या वाकण्यातही उणीव राहू शकते, आणि ती पकडण्यासाठी मोठी यंत्रे लागत नाहीत. खेळाडूने भिंतीसमोर पाऊल सरळ ठेवायचे, टाच जमिनीला टेकलेली ठेवून गुडघा भिंतीला लावायचा, आणि टाच उचलली न जाता गुडघा भिंतीला पोहोचेल तोवर पाऊल मागे मागे न्यायचे. शेवटी अंगठा आणि भिंत यांतील अंतर सेंटिमीटरमध्ये लिहायचे. एका सेंटिमीटरचा फरक म्हणजे घोट्याच्या वाकण्यात साधारण साडेतीन अंशांचा फरक. उजव्या पायाचे अंतर ११ आणि मोसमात मुरगळलेल्या डाव्या पायाचे ७ आले, तर 'काही दुखत नाही' म्हणणाऱ्या त्या घोट्यात सुमारे १४ अंश वाकण्याची उणीव आहे. साखळीत वाकून उभा राहताना किंवा डुबकी मारताना ती उणीव गुडघा आणि कंबर भरून काढतात, आणि पुढच्या मोसमात दुखू लागतात ती तीच.

एका भागाची उणीव दुसऱ्याने भरून काढण्याची ही क्रिया इतकी सफाईने होते की साधी चाचणीही फसू शकते. एका पायावर लांब उडी मारायला सांगून दोन्ही पायांचे अंतर ताडून पाहण्याची चाचणी सर्वत्र वापरली जाते. परंतु गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर काही खेळाडू दोन्ही पायांवर जवळपास सारखे अंतर कापतात आणि तरीही दुखापत झालेल्या पायाचा गुडघा त्यातले फारच थोडे काम करतो, खुबा आणि घोटा बाकीचे ओढतात, असे हालचालींच्या सूक्ष्म मोजमापांतून दिसून आले आहे. म्हणूनच स्नायूंची ताकद स्वतंत्रपणे मोजावी लागते, आणि म्हणूनच ही तपासणी 'जरा उड्या मारून दाखव' एवढ्यावर आटोपू नये.

मोसम संपल्यानंतरचाच काळ का, याचे उत्तर कॅलेंडरमध्येच आहे. स्नायूची ताकद परत मिळवायला आठ ते बारा आठवड्यांचा नेमका व्यायाम लागतो, आणि एवढा सलग, सामन्याविना मोकळा काळ बहुतेक कबड्डीपटूंना पावसाळ्यातच मिळतो. मोसम चालू असताना दुखापत लपवणाऱ्या खेळाडूला दोष देणे सोपे असले, तरी न्याय्य नाही; जिल्हा निवड चाचणी, व्यावसायिक संघातील करार आणि शासकीय नोकरीतील पाच टक्के क्रीडा आरक्षण यांवर ज्याचे घर उभे राहणार आहे, तो सामन्याच्या आदल्या दिवशी गुडघा दाखवायला जाणार नाही. मोसम संपल्यावर मात्र लपवण्याचे कारण उरत नाही. तरीही तो जात नसेल, तर त्याला न पाठवणाऱ्यांना जाब विचारला पाहिजे.

घाईची किंमत किती असते, हे गुडघ्याच्या एसीएल या अस्थिबंधावरील शस्त्रक्रियेनंतरच्या एका अभ्यासातून कळते. अमेरिका आणि नॉर्वे येथील रुग्णांचा हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर नवव्या महिन्यापर्यंत खेळात परतणे दर महिन्याने जितके पुढे गेले, तितके गुडघ्याला पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण प्रत्येक महिन्यामागे ५१ टक्क्यांनी घटले. शिवाय ताकद आणि उड्यांच्या ठरलेल्या कसोट्या पार न करता परतलेल्यांपैकी ३८.२ टक्क्यांना पुन्हा दुखापत झाली, तर त्या पार करून परतलेल्यांपैकी फक्त ५.६ टक्क्यांना. आपण तयार आहोत असे वाटल्याशिवाय सहसा कोणी परतत नाही. खेळाडूला काय वाटते आणि मोजमाप काय सांगते यांतील अंतर याहून ठळक आकड्यांत दाखवणे कठीण आहे.

याच गैरसमजाची उलटी बाजूही तितकीच नुकसान करते. दुखणे हे इजेचे माप नाही, तसाच एमआरआयमधील प्रत्येक बदल हा आजार नाही. कोणताही त्रास नसलेल्या ३,११० लोकांच्या मणक्याच्या चित्रणांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्यांमध्ये झीज दिसली. त्यामुळे मोसम संपला म्हणून प्रत्येकाचा एमआरआय काढणे हे पैसे घालवून धास्ती विकत घेणे आहे. चित्र काढायचे की नाही, हे हातांनी केलेली तपासणी आणि कार्यक्षमतेची मोजमापे ठरवतात. हा क्रम उलटला की निरोगी खेळाडू रुग्ण होऊन बसतो.

तपासणी झाली म्हणजे पुढच्या मोसमात दुखापत होणार नाही, अशी अपेक्षाही चुकीची आहे, आणि ती बाळगणाऱ्यांत तपासणीचे उत्साही समर्थक अधिक असतात. नॉर्वेचे क्रीडावैद्यक तज्ज्ञ रोआल्ड बार यांनी २०१६ मध्ये सविस्तर दाखवून दिले की कोणत्याही एका चाचणीच्या आकड्यावरून कोणाला दुखापत होणार आणि कोणाला नाही हे वेगळे काढता येत नाही. दोन्ही गटांचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतात. तपासणीचे काम भाकीत करण्याचे नाही. आज जी उणीव शिल्लक आहे ती शोधून दुरुस्त करणे, हे तिचे काम आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या २००९ च्या निवेदनातही खेळाडूच्या नियमित तपासणीचा एक हेतू सध्याच्या तक्रारींवर योग्य उपचार होत आहेत की नाही हे पाहणे असाच मांडलेला आहे. प्रतिबंधाचे व्यायाम तर तपासणीत काहीही निघो, साऱ्या संघाला द्यावेत: गुडघ्यांवर बसून, कोणीतरी घोटे धरून ठेवले असता शरीर सावकाश पुढे झुकवण्याचा नॉर्डिक व्यायाम संघाच्या सरावात आणल्यास मांडीच्या मागच्या स्नायूंच्या दुखापती जवळपास निम्म्या होतात, हे ८,४५९ खेळाडूंच्या एकत्रित विश्लेषणातून २०१९ मध्ये दिसून आले. त्याला लागते ती सतरंजी आणि एक सोबती.

उरलेले गैरसमज थोडक्यात निकाली काढता येतात. मोसमानंतर दोन महिने संपूर्ण आराम करावा हे खरे नाही. चांगल्या तयारीतल्या खेळाडूची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चार आठवड्यांच्या आतच ४ ते १४ टक्क्यांनी घटू शकते, म्हणून आठ-दहा दिवसांच्या विश्रांतीनंतर हलक्या भाराने सुरुवात करणे बरे. वॉर्मअप झाल्यावर जाते ते दुखणे किरकोळ, हेही खरे नाही, कारण गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेचा विकार नेमका याच पद्धतीने वागतो. सरावाच्या दुसऱ्या दिवशीचे अंगदुखणे लॅक्टिक आम्लामुळे नसते. ते आम्ल सरावानंतर तासाभरात ओसरते. दुखापतीवर दिवसचे दिवस बर्फ ठेवल्याने ती लवकर भरत नाही, आणि १९७८ मध्ये बर्फाचा मंत्र लोकप्रिय करणारे डॉ. गेब मर्किन यांनी पुढे स्वतःच बर्फामुळे भरून येणे लांबू शकते हे मान्य केले. मुलींची पाळी मोसमात बंद होणे हे कडक सरावाचे प्रशस्तिपत्र नव्हे. खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने शरीराला पुरेसे अन्न मिळत नसल्याची ती खूण असू शकते, हाडांवर तिचा परिणाम होतो, आणि मोसमानंतरच्या तपासणीत हा प्रश्न संकोच न करता, मुलीला एकांतात विचारला गेलाच पाहिजे.

मालिश म्हणजे फिजिओथेरपी, हा समज मात्र एका ओळीत सोडून देण्यासारखा नाही. तालमीतल्या मालिशचे स्थान मोठे आहे, तिने आराम मिळतो आणि तो नाकारण्याचे कारण नाही. पण सांधा किती अंशांनी वळतो, कोणता स्नायू किती जोर लावतो आणि कोणत्या हालचालीत शरीर चोरून काम करते हे मालिशीने कळत नाही. फिजिओथेरपी ही चार वर्षांहून अधिक काळाच्या पदवी अभ्यासक्रमाची विद्याशाखा असून महाराष्ट्रात तिच्या व्यावसायिकांच्या नोंदणीसाठी राज्य परिषद आहे. जाण्यापूर्वी ही नोंदणी विचारण्यात कोणताही उद्धटपणा नाही.

अशा तपासणीची योग्य वेळ शेवटच्या सामन्यानंतर एक ते दोन आठवड्यांनी येते, म्हणजे ताजा शीण ओसरलेला असतो आणि उणिवा अजून सवयीत मुरलेल्या नसतात. तिच्या शेवटी खेळाडूच्या हातात एक कागद असावा: दोन्ही घोट्यांचे भिंतीपासूनचे अंतर, दोन्ही मांड्यांचे घेर, एका पायावर टाच किती वेळा उचलता आली, एका पायावरच्या उडीचे अंतर, मांडीच्या पुढच्या आणि मागच्या स्नायूंची ताकद, मोसमात काय काय दुखले आणि त्यासाठी कोणत्या गोळ्या घेतल्या. या आकड्यांची एक प्रत प्रशिक्षकाकडे जावी, आणि कागदाच्या तळाशी पुन्हा मोजण्याची तारीख असावी, नव्या मोसमाच्या पहिल्या निवड चाचणीच्या किमान महिनाभर आधीची.