आधी कारण शोधा, मग पिशवीचे बघू



विहारातली बैठक संपली की कोणीतरी मला बाजूला घेऊन हळूच सांगते, "ताई, पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती, आता परत आली."

बारा महिने बंद राहिलेली पाळी परत येत नसते. त्यानंतर एक डाग दिसला तरी तपासणी करून घ्या. बहुतेक वेळा कारण साधे निघते. पण पिशवीचा कर्करोगही असाच सुरू होतो, आणि लवकर सापडला तर बरा होतो.

पाळी चालू असलेल्यांनी केव्हा दाखवावे? सात दिवसांपेक्षा जास्त जात असेल, 21 दिवसांच्या आत पाळी परत येत असेल, तासाला एक पॅड भिजत असेल, मध्येच किंवा संबंधानंतर रक्त दिसत असेल तर. पिशवीतल्या गाठी, थायरॉईड, संप्रेरकांचा बिघाड, तांबी, जंतुसंसर्ग, गर्भपात, गर्भाशयमुखाचा कर्करोग अशी कारणे अनेक. प्रत्येकाचा उपचार वेगळा. पाळी चुकल्यानंतर रक्त जाऊन पोटात जोरात दुखले, चक्कर आली तर गर्भ नळीत असू शकतो. त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या अनेक बायांच्या पिशव्या ऐन तिशीत काढल्या गेल्या. खाडा पडला की दंड, आणि वर कर्करोगाची भीती. 2019 मध्ये हा प्रश्न विधिमंडळात गाजला, शासनाला समिती नेमावी लागली. काही आजारांत पिशवी काढावीच लागते. पण अनेक आजार गोळ्यांनी आटोक्यात येतात. पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर पाळी अकाली जाते, हाडे ठिसूळ होतात.

म्हणून डॉक्टरांना विचारा: नेमके कारण काय? हिमोग्लोबिन किती? सोनोग्राफीत काय दिसले? गोळ्यांनी भागेल का? कागद जपून ठेवा, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. लोहाच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. तिशी ओलांडली असेल तर गर्भाशयमुखाच्या तपासणीबद्दलही तिथेच विचारा.

दुःखाला कारण असते आणि कारण कळले की उपाय सापडतो, हे तथागतांनी शिकवले. बाबासाहेबांनी 1942 मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजली. अंगात रक्तच नसेल तर ती प्रगती कशी होणार? लाजू नका, अंगावर काढू नका.